नव्या बाथरूमचं ग्राउट: भुगा, भेगा, डाग आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइल बसतात, मिस्त्रींचा हिशेब होतो, बादल्या-थाप्या उचलल्या जातात आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत घरातल्या कुणाची तरी नजर टाइलमधल्या सांध्यावर, म्हणजे त्यात भरलेल्या ग्राउटवर जाते. एकदा गेली की हटत नाही. झालेलं टाइलकाम तपासणं हे माझं काम. त्यात लोक परत परत जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. ग्राउट बिघडलं की सगळे ग्राउटवरच चिडतात, पण त्याचा दोष फार तर निम्मा असतो. उरलेला एकतर टाइलच्या खाली असतो, नाहीतर ज्या बादलीत ते कालवलं त्या बादलीत.

ग्राउट भरून आठवडा झाला. नखाने खरवडलं तरी भुगा पडतो. अजून वाळायचं असेल का?

नाही. सिमेंटच्या ग्राउटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात हे खरं, पण आठवड्याभरात ते नखाला दाद देणार नाही इतपत कडक व्हायलाच हवं.

याचं नेहमीचं कारण म्हणजे जास्त पाणी. पॅकेटवर पाण्याचं माप छापलेलं असतं, पण काम अंदाजाने चालतं. पातळ ग्राउट सांध्यात भराभर उतरतं, हाताला कष्ट कमी, म्हणून सैल कालवण्याचा मोह होतो. सिमेंटला लागतं त्याहून जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. दुसरं कारण, बादलीतलं ग्राउट आळायला लागल्यावर वरून पाणी घालून परत सैल केलेलं असणं. तिसरं याच्या अगदी उलट: उकाडा, पंखा फुल, टाइलच्या कडा कोरड्या ठणठणीत. अशा वेळी सिमेंट घट्ट होण्याआधीच त्यातलं पाणी शोषलं जातं.

एक जुना टूथब्रश घ्या आणि कोरड्या सांध्यावर दहा-बारा वेळा जोर लावून फिरवा. सुरुवातीला पूड पडून खाली कडक लागलं, तर बिघाड वरवरचा आहे. झाडून घ्या, दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ स्प्रेने हलकं पाणी मारा आणि परत बघा. ब्रश मात्र खोल खोल जातच राहिला, तर तो सांधा काढून नव्याने भरण्यावाचून इलाज नाही. वरून सीलर (पाणी शोषू न देणारा लेप) मारून भुगा दगड होत नाही.

रंग सगळीकडे सारखा नाही. काही ओळी गडद, काही फिक्या.

आधी पूर्ण वाळू द्या. ओलं ग्राउट दोन-तीन छटा गडद दिसतं, आणि बाथरूममध्ये वाळणं कधीच सगळीकडे एकदम होत नाही. खिडकीजवळचं आधी फिकं पडतं, कमोडच्या मागचं शेवटी.

वाळल्यावरही फरक राहिला, तर तो कुठे सुरू होतो ते बघा. एका घरी न्हाणीच्या भिंतीवर खालून पाचव्या ओळीपर्यंत छान राखाडी आणि सहाव्या ओळीपासून वर जवळपास पांढरट, इतकी सरळ रेघ होती की कुणी आखून दिल्यासारखी. चौकशी केली तेव्हा कळलं, पहिली बादली पाचव्या ओळीला संपली आणि दुसरी जरा सैल झाली. पाण्यातल्या फरकाने रंग बदलतो, तो असा. एकाच शेडची दोन पॅकेटं वेगवेगळ्या बॅचची असली तरी हेच होतं, म्हणून जाणते मिस्त्री सगळी पॅकेटं आधी कोरडीच एकत्र करून घेतात.

फरक ओळीओळीने नसून चट्ट्याचट्ट्यांनी असेल, तर संशय स्पंजवर. ग्राउट भरल्यावर टाइल पुसताना स्पंज पिळून घ्यायचा असतो. पाणी गळणारा स्पंज सांध्यावरून फिरला की वरचा रंग धुऊन जातो. सांध्यात टाइलचं ॲडहेसिव्ह वर आलेलं असेल, तर तिथे ग्राउटचा थर पातळ बसतो आणि नेमका तेवढाच भाग वेगळा दिसतो.

सांधा कडक असेल आणि फक्त रंगाचंच दुखणं असेल, तर उकरू नका. ग्राउटवर लावायचा रंग मिळतो, तो बारीक ब्रशने ओढून घ्यायचा आणि टाइलवरचा लगेच पुसायचा. काम कंटाळवाणं आहे, पण उकरण्यापेक्षा शंभर पटींनी सोपं.

सांध्यांवर पांढरी पूड येते. पुसली की जाते, चार दिवसांनी परत हजर.

ते क्षार आहेत. सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळतो, पाणी सांध्यातून वर येऊन उडून जातं आणि चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा थर मागे ठेवतो. बोटाने चोळली तर खडूच्या भुकटीसारखी लागते. बुरशी अशी कोरडी, चुरचुरीत नसते.

नव्या कामात थोडी पूड येणं वावगं नाही, कारण खालच्या मालातलं पाणी अजून बाहेर पडत असतं. कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने टिपून घ्या, पुन्हा झाडा. पाण्याने भसाभस धुतली तर तेच क्षार विरघळून परत आत जातात आणि परत वर येतात. काही आठवड्यांत येणं कमी कमी होत थांबलं, तर प्रश्न मिटला. दोन-तीन महिन्यांनीही त्याच जागी तितकीच येत असेल, तर त्या जागेला कुठून तरी पाणी मिळतंय. मग पुढचा प्रश्न वाचा.

एक ठरावीक पट्टा कायम ओला, गडद दिसतो. बाकीचं बाथरूम कोरडं होतं, तो होत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच तक्रारीची, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घरात दुसरं बाथरूम असेल, तर हे तीन दिवस पूर्ण बंद ठेवा. आत पाणी नाही, पोछा नाही. पहिल्या दिवशी गडद पट्ट्याच्या कडेने पेन्सिलची बारीक खूण करा. रोज एकदा बघायचं: पट्टा आकसतोय, आहे तिथेच आहे, की वाढतोय?

आकसत गेला, तर वापराचं पाणी सांध्यातून खाली उतरून टाइलखाली साठत होतं. असं पाणी साठण्यामागे दोन गोष्टी असतात. पहिली, टाइलखालची पोकळी. ॲडहेसिव्ह टाइलच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये असं गोळ्या-गोळ्यांनी लावलं, की मधल्या जागेत पाण्याला आयतं तळं मिळतं. दुसरी, उतार. न्हाणीच्या जाळीकडे एका मीटरला साधारण 10 ते 20 मिमी उतार हवा. तो नुसता टाइलच्या पृष्ठभागाला असून भागत नाही, खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थरालाही हवा. वर उतार आणि खाली सपाट असेल, तर आत मुरलेलं पाणी जाळीपर्यंत पोचतच नाही.

तीन दिवस बंद ठेवूनही पट्टा तसाच राहिला किंवा वाढला, तर पाणी वापराचं नाही, बहुधा पाइपातून येतंय. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, दोन तास थांबा, परत बघा. आकडा हलला असेल तर आधी प्लंबर बोलवा, टाइलवाला नंतर.

या दोन्ही प्रसंगांत त्या पट्ट्यावर सीलर मारणं किंवा नवं ग्राउट भरणं म्हणजे गळक्या छताखालची भिंत रंगवणं.

केसासारख्या बारीक भेगा आल्या आहेत. घाबरायचं का?

भेग कुठे आहे, त्यावर अवलंबून.

भिंत आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात, किंवा भिंत-जमिनीच्या काठाला सरळ रेघेत भेग असेल, तर ती यायचीच होती. दोन वेगवेगळ्या पातळ्या स्वतंत्रपणे किंचित हलतात, तापमानाने, ओलाव्याने. ग्राउट ताणलं जात नाही, ते तुटतं. अशा ठिकाणी ग्राउट भरायचंच नसतं, लवचिक सीलंट भरायचं असतं. बाथरूममध्ये ते बहुधा सिलिकॉन. बेसिन, बाथटब, कमोडची बैठक, दाराचा उंबरा यांच्या कडांनाही तेच लागू. परत ग्राउट भरून घेतलं तर परत भेग पडणार.

एकाच टाइलच्या चारही बाजूंनी भेग असेल, तर त्या टाइलवर नाण्याने टकटक करा, मग शेजारच्या दोन-तीन टाइलवर. भरीव टाइल टणक वाजते, सुटलेली किंवा खाली पोकळ असलेली टाइल बद्द वाजते. फरक कानाला लगेच कळतो. बद्द वाजली तर दुखणं ग्राउटचं नाहीच. टाइल हलते आहे, ग्राउट बिचारं तिच्यासोबत फुटतंय. टाइल काढून, खालचं साफ करून नव्याने बसवावी लागेल.

बऱ्याच टाइल ओलांडून जाणारी लांबच लांब, कधी सरळ तर कधी नागमोडी भेग खालच्या कोब्याला किंवा भिंतीला तडा गेल्याचं सांगते. तिथे आधी तो तडा स्थिरावला आहे की अजून वाढतोय हे बघावं लागतं.

आणि सगळीकडे विखुरलेल्या, सांध्याच्या आडव्या, अगदी तोकड्या भेगा म्हणजे ग्राउट आकसलं. पाणी जास्त झालं, नाहीतर रुंद सांध्यात बिनवाळूचं ग्राउट भरलं. साधारण 3 मिमीपर्यंतच्या सांध्याला बिनवाळूचं आणि त्याहून रुंद असेल तर वाळूमिश्रित, असा साधा हिशेब आहे. काही उत्पादनं दोन्हीकडे चालतात, ते पॅकेटवर लिहिलेलं असतं.

कोपऱ्यातलं सिलिकॉन महिन्याभरात सुटलं. मग त्याचा उपयोग काय झाला?

ते भरताना जागा ओली होती, किंवा खाली ग्राउट तसंच होतं, किंवा जुन्या सिलिकॉनवर नवं ओढलं. यातलं काहीही असलं तर सिलिकॉन टिकत नाही. जुन्या सिलिकॉनवर नवं तर मुळीच नाही. कटरने सगळं काढा, स्पिरिटने पुसा, एक दिवस कोरडं राहू द्या, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून भरा, ओल्या बोटाने एकदाच घोटा आणि टेप लगेच ओढून काढा. निदान 24 तास पाणी नको. बाथटबच्या काठाला भरत असाल, तर आधी टब पाण्याने भरून ठेवा आणि सिलिकॉन घट्ट होईपर्यंत रिकामा करू नका. भरलेला टब किंचित खाली बसतो. रिकाम्या टबाला मारलेलं सिलिकॉन पहिल्याच अंघोळीला ताणलं जातं.

सांध्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात.

मिश्रणात हवा अडकली. ड्रिल मशीनला पाती लावून जोरात फिरवलं की असं होतं. हळू कालवायचं, पाच-दहा मिनिटं तसंच मुरू द्यायचं, मग पाणी न घालता परत एकदा हलवायचं. हे मुरू देणं सगळ्यात जास्त टाळलं जातं. किंवा रबरी फ्लोट (ग्राउट दाबून भरायची थापी) सांध्याच्या दिशेने फिरवला, तिरका दाबून नाही, त्यामुळे ग्राउट तळापर्यंत गेलंच नाही. तुरळक भोकं असतील तर त्याच ग्राउटचा घट्ट गोळा बोटाने दाबून भरता येतो. टाचणी आत घालून बघा. बरीच खोल गेली तर सांधा आतून पोकळ आहे, तो काढून भरा.

टाइलवर धुरकट थर राहिला आहे. कितीही पुसलं तरी वाळल्यावर दिसतो.

सिमेंटच्या ग्राउटचा थर असेल, तर पहिल्या दिवसात जाड सुती फडक्याने कोरडंच घासून बराचसा जातो. राहिलेल्यासाठी सल्फॅमिक आम्लाचा ग्राउट-क्लीनर मिळतो, पण ग्राउट भरून निदान दहा दिवस झाल्याशिवाय तो लावू नका. लावण्याआधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे आम्ल आत शोषलं जात नाही. नंतर भरपूर पाण्याने धुवा. संगमरवर किंवा कुठलाही चुनखडीजन्य दगड असेल तर आम्ल अजिबात नको, चकाकी कायमची जाते.

कडक ॲसिड ओतून ब्रश मारण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. टाइल झटकन चकचकीत होते, कारण ॲसिड सिमेंटच खातं. पण सांध्यातलंही सिमेंटच असतं ना! नळांचं क्रोम काळं पडतं ते वेगळं. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र कधीही येऊ देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

इपॉक्सी ग्राउट सिमेंटचं नसतं, राळ आणि ती घट्ट करणारा हार्डनर मिसळून करतात; त्याचा थर वेगळा असतो, चिकट आणि तेलकट. त्यावर आम्लाचा परिणाम होत नाही. त्याच कंपनीचा इपॉक्सी-रिमूव्हर लागतो आणि जितक्या लवकर वापराल तितकं बरं.

जुनं न काढता वरून पातळ थर दिला तर?

पापुद्रा होऊन निघेल.

ग्राउट वॉटरप्रूफ असतं ना? मग खालच्या छताला ओल कशी?

सिमेंटचं ग्राउट पाणी थोडंफार पितंच. सुधारित प्रकार कमी पितात, इपॉक्सी जवळजवळ नाहीच. पण इपॉक्सी भरलं म्हणजे बाथरूम वॉटरप्रूफ झालं, हा गैरसमज महागात पडतो. पाणी अडवण्याचं काम टाइलखालच्या थराचं. तो नीट असेल तर सगळं ग्राउट काढलं तरी खाली थेंब जाऊ नये. म्हणूनच टाइल बसवण्याआधी जाळी बंद करून पाणी भरून ठेवायचं, किमान 24 तास, आणि खालचं छत बघायचं. ही चाचणी झाली होती का, हे मिस्त्रीला विचारा. झाली नसेल तर जाळीभोवतीचा जोड आणि भिंत-जमिनीचा कोपरा या दोन जागा आधी तपासायला सांगा. ओल बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

काळे ठिपके यायला लागले. आणि जाळीपाशी गुलाबी चिकट काहीतरी.

काळी ती बुरशी. गुलाबी थर बहुधा सेराशिया नावाच्या जिवाणूचा, त्याला साबण-शाम्पूचा राप आवडतो. दोन्ही ओलाव्यावर जगतात. पातळ केलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवून घासा, खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. पण ब्लीचने रंगीत ग्राउट फिकं पडू शकतं, आधी दाराआडच्या सांध्यावर लावून बघा. अंघोळीनंतर रबरी वायपरने भिंत ओढून घेणं आणि एक्झॉस्ट वीस मिनिटं सुरू ठेवणं याने जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याच औषधाने पडत नाही. सिलिकॉनच्या आत शिरलेली काळी बुरशी मात्र घासून जात नाही. ते सिलिकॉन बदलाच.

सीलर लागतो का?

सिमेंटच्या ग्राउटला फायदा होतो, इपॉक्सीला गरज नाही. ग्राउट पूर्ण सुकल्यावरच लावा. पॅकेटवर दिवस दिलेले असतात, दोन-तीन दिवसांपासून पुढे. आत ओल असताना लावलेला सीलर ती ओल कोंडून ठेवतो. काम करतोय का हे बघायला सांध्यावर पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा बसून राहिला तर ठीक, मुरून गडद डाग पडला तर परत लावायची वेळ झाली.

इपॉक्सी भरून तीन दिवस झाले, अजून बोट लावलं की चिकटतं.

राळ आणि हार्डनर यांचं प्रमाण चुकलं, किंवा ते नीट एकजीव झाले नाहीत. अर्धं पाकीट उरवायच्या नादात अंदाजाने भाग पाडले की हमखास असं होतं. थंडीत ते हळू घट्ट होतं, म्हणून खोली थंड असेल तर अजून एक-दोन दिवस थांबून बघा. त्यानंतरही मऊ राहिलं, तर ते कधीच घट्ट होणार नाही, काढावं लागेल. पांढऱ्या इपॉक्सीबद्दल आणखी एक: थेट उन्हात ते पिवळं पडू शकतं.

नुसतं पांढरं सिमेंट भरलं तर नाही का चालत?

वर्षानुवर्षं चालत आलं आहे, कोरड्या खोलीत अजूनही चालतं. पण त्यात वाळू नाही, पॉलिमर नाही. ते आकसतं, भेगाळतं, आणि बाथरूममध्ये लवकरच मळकट पिवळं दिसायला लागतं. तक्रार घेऊन आलेल्यांपैकी ज्यांना 'ग्राउट' भरून दिलं होतं म्हणतात, त्यांच्याकडे कधीकधी हेच निघतं.

सांधा काढायचाच ठरला. कसा काढू?

हाताची ग्राउट-करवत घ्या, नाहीतर थरथरणारं ऑसिलेटिंग यंत्र. ग्राइंडर नवख्याच्या हातात नको. एक क्षण हात घसरला की टाइलच्या कडेचा टवका गेला. खोली टाइलच्या जाडीच्या निदान दोन-तृतीयांश हवी, 9 मिमी टाइल असेल तर 6 मिमी. त्याहून उथळ काढलं तर नवं धरत नाही. बारीक सिलिकायुक्त धूळ उडते, चांगला मास्क लावा. जमिनीत काढत असाल तर हात खाली वॉटरप्रूफिंगपर्यंत जाणार नाही याची काळजी घ्या. शेवटी व्हॅक्यूमने धूळ ओढा, नुसतं फुंकू नका. सांध्यात राहिलेल्या धुळीवर नवं ग्राउट बसतं, चिकटत नाही.

फटच न ठेवता टाइल बसवल्या असत्या तर हा त्रासच नसता ना?

वाढला असता. टाइलचं माप किंचित कमी-जास्त असतं आणि टाइल-भिंत दोन्ही हलतात. एकमेकींना चिकटून बसवलेल्या टाइल आधी कडांना टवके सोडतात, मग उचलल्या जातात. आणि त्या केसाएवढ्या फटीत ग्राउट शिरत नाही, पाणी मात्र शिरतं. काटेकोर कापलेल्या टाइललाही 2 मिमी तरी सोडाच.

मिस्त्री जाण्याआधी त्यांच्याकडून काय घेऊन ठेवू?

उरलेल्या ग्राउटचं पॅकेट, तोंड घट्ट बांधून हवाबंद डब्यात. त्यावरच्या शेड आणि बॅच नंबरचा मोबाइलवर फोटो. चार-पाच जादा टाइल. आणि हो, एक पुठ्ठा: शेवटच्या बादलीतलं ग्राउट त्यावर बोटभर जाड लावून वाळवून मागा. सहा महिन्यांनी एखादा सांधा दुरुस्त करायची वेळ आली, की त्या पुठ्ठ्याशी रंग ताडून बघता येतो. शेड कार्डावरचा छापील चौकोन आणि तुमच्या भिंतीवरचं ग्राउट कधीच तंतोतंत जुळत नाही.